उमेदवाराचा फोटो

सर निवडणुकीला उभे राहिले ते जनतेच्या सेवेसाठी नव्हे. सोसायटीच्या सभेत त्यांना बोलू दिलं नाही म्हणून. एवढ्याशा कारणासाठी कोणी थेट विधानसभेला उभं राहतं का, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या माणसाने उभं आयुष्य पोरांना भूगोल शिकवण्यात घालवलं, ज्याच्या तासाला भरलेल्या वर्गाने श्वाससुद्धा बेताने घेतला, त्याला गच्चीवरच्या टाकीबद्दल दोन वाक्यं सलग बोलता येऊ नयेत, हे दुःख काय असतं ते निवृत्त मास्तरालाच ठाऊक.

सरांनी "पाण्याचे मूळ स्रोत तीन" इथून सुरुवात केली होती. पहिल्या स्रोतापर्यंत पोचले तोवर दोघांची गाडी लावण्यावरून जुंपली, एक बाई फोनवर बोलत बाहेर गेल्या, आणि खालच्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, "सर, एवढं मोठं भाषण आहे तर विधानसभेत करा. इथे फक्त टाकी धुवायची आहे." सगळे हसले. सरांची बायकोही हसली, आणि तिचं हसणं जरा जास्तच वेळ चाललं. सरांनी भाषणाच्या कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि म्हणाले, "ठीक आहे. तिथेच करतो."

आता सरांच्या नजरेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. सरांनी नोकरीत छडी कधी हातात धरली नाही, आवाजही चढवला नाही. त्यांची सगळी भिस्त नजरेवर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा, हनुवटी खाली जायची, आणि काचांच्या वरून दोन डोळे मागच्या बाकाकडे बघत थांबायचे. बाकी काही नाही. ज्याने खोडी केली असेल तो कबूल करायचा; ज्याने केली नसेल तोही करायचा.

घरात मात्र या नजरेला कवडीची किंमत नव्हती. नव्या नवलाईत एकदा भाजी खारट झाली म्हणून सरांनी ही नजर वापरून पाहिली होती. तेव्हा वहिनी (सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, आपणही म्हणू) जवळ येऊन म्हणाल्या, "अहो, डोळ्यात काही गेलंय का? थांबा, फुंकर मारते." तेव्हापासून घरात बोलायचं खातं वहिनींकडे आणि ऐकायचं सरांकडे. सर वरवर कुरकुरायचे, पण जिन्यातल्या बातम्या, कोणाची सून रुसली, कोणाचा नळ गळतो, हे सगळं ऐकल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. हे त्यांनी वहिनींना कधी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी सांगायच्या असतात हे भूगोलाच्या पुस्तकात नसतं.

उमेदवारीची बातमी फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. ज्यांनी टाकीचं ऐकलं नाही ते आता तासन् तास सरांच्या दिवाणखान्यात बसून राज्य कसं चालवावं हे सांगू लागले. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, पायांना तेल लावत जा, फिरावं लागेल. विमावाल्यांनी तर आपणहून प्रचारप्रमुखपद घेतलं. "मीच तुम्हाला विधानसभेत जायला सांगितलं ना? मग जबाबदारी माझी," असं म्हणून त्यांनी जाता जाता सरांना एक पॉलिसीही समजावून सांगितली.

निवडणूक कचेरीत मात्र घोडं अडलं. चिन्ह म्हणून सरांनी फळा मागितला, खडू मागितला, गेला बाजार पृथ्वीचा गोल मागितला. शिल्लक होतं ते उशी, चिमटा आणि इंजेक्शनची सुई. "उशी घ्या," विमावाले कानात कुजबुजले, "सुईला कोण मत देणार?" अशा रीतीने सरांच्या पांढऱ्याशुभ्र कारकिर्दीवर उशी बसली. लगोलग घोषणाही तयार झाली: सरांना निवडा, निवांत झोपा.

मग फोटो. सरांनी निरोप समारंभाच्या फोटोतून स्वतःला कापून आणलं होतं. कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला. "तुमच्या खांद्यावर हा हात कोणाचा?"

"मुख्याध्यापकांचा."

"ते उभे आहेत का निवडणुकीला?"

"नाही हो. ते वारले."

"मग हात चालणार नाही."

दुसऱ्या फोटोत चष्म्यावर उजेड चमकला. तिसऱ्यात डोळे मिटले होते. "मिटलेल्या डोळ्यांचा उमेदवार घेता येत नाही," कारकून म्हणाला, "निवडून आल्यावर मिटा. हा फोटो मतदान यंत्रावर लागणार आहे, नावाच्या शेजारी. नजर समोर पाहिजे, तोंड बंद पाहिजे, हसणं नको." आणि तो टेबलाखाली पाय ताणून चहा पिऊ लागला. सरांचा असा अपमान पूर्वी कोणी केला असता तर त्याला अक्षांश-रेखांश लिहून आणावे लागले असते.

फोटो स्टुडिओ कोपऱ्यावरच होता. फोटोवाल्याने सरांना स्टुलावर बसवलं, हनुवटीला बोट लावून मान सरळ केली आणि म्हणाला, "सहज बघा." आता सहज बघणं ही जगातली सर्वांत अवघड गोष्ट. सर प्रयत्न करत होते, तेवढ्यात फोटोवाल्याच्या मागे बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं आपसात काहीतरी बोलून फिदीफिदी हसली. सरांनी काही ठरवण्याआधीच चष्मा आपोआप खाली घसरला, हनुवटी झुकली आणि डोळे मागच्या बाकावर जाऊन थांबले. त्याच क्षणी फोटोवाल्याने बटण दाबलं.

बाकावरची दोघं उठून उभी राहिली. फोटोवाल्याने कॅमेऱ्यामागून तोंड बाहेर काढलं ते बऱ्याच वेळाने. "सर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी मुद्दाम नाही दाबलं."

"मग चुकून दाबलंत? चांगला आला ना?"

फोटोवाल्याने फोटो पाकिटात पालथा घालून दिला.

कचेरीतल्या कारकुनाने पाकीट उघडलं. आधी त्याने टेबलाखालचे पाय ओढून चपलांत घातले. मग शर्टाचं वरचं बटण लावलं. मग खण उघडून एक पंचिंग मशीन काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे शेजारच्या खात्याचं आहे," तो म्हणाला, "मी आणलेलं."

"मला कशाला सांगताय?"

कारकुनालाही ते माहीत नसावं. त्याने अर्जावर शिक्का मारला आणि सर दाराबाहेर पडेपर्यंत उभा राहिला. शासकीय कामकाजात अजून सचोटी शिल्लक आहे, असं सरांनी घरी येऊन वहिनींना सांगितलं. त्यांना बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

विमावाल्यांनी तोच फोटो मोठा करून पोस्टरं छापली. इतका मोठा, की सरांचे डोळे ताटाएवढे झाले. खाली उशी, तिच्याखाली निवांत झोपण्याचं आवाहन. सकाळी सर फिरायला निघाले तर चौकापासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक भिंतीवरून ते स्वतःकडेच बघत होते. त्यांना थोडं संकोचल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, की रस्त्यावर आवाज नाही.

म्हणजे माणसं होती. रोजच्याएवढीच होती. बसथांब्यावर सगळे एकामागे एक, उंचीनुसार उभे होते. भाजीवाली तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत थांबत होती, आणि तो स्थिर झाल्यावरही थांबत होती. केशकर्तनालयात, जिथे राजकारणावरून रोज सकाळी वस्तरे थबकायचे, तिथे नुसती कात्री चालल्याचं ऐकू येत होतं. न्हाव्याच्या आरशात समोरच्या भिंतीवरचं पोस्टर दिसत होतं. खुर्चीतलं गिऱ्हाईक मान खाली घालून बसलं होतं, आणि न्हाव्याने त्याला मान वर करायला सांगितलं नाही.

"लाट आहे, सर," विमावाले म्हणाले. "शांत लाट. अशी लाट मी पाहिलेली नाही." पण हे ते कुजबुजत म्हणाले, आणि पोस्टरकडे पाठ होणार नाही अशा बेताने चालत राहिले.

घरोघरी प्रचार सुरू झाला. दार उघडायचं, आणि आतलं सगळं घर उभं राहायचं. टीव्ही बंद व्हायचा. सर आपले मुद्दे मांडायचे, पाण्याचे तिन्ही स्रोत सांगायचे, कोणी मधे बोलायचं नाही. पहिल्या दिवशी सरांना आपण स्वर्गात आलो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "काही शंका?" कोणालाच शंका नव्हती. एका घरात सरांपेक्षाही वयस्कर गृहस्थ होते, या शहरात नव्यानेच राहायला आलेले, सरांच्या शाळेशी काडीचाही संबंध नाही. ते काठी टेकत पुढे आले.

"मी नाही केलं, सर."

"काय नाही केलं?"

"काहीच नाही केलं," ते म्हणाले, आणि रडू लागले.

सरांनी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते प्यायच्या आधी सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली, तेव्हा ते प्यायले.

त्या दिवशी सर घरी आले ते जरा हादरूनच. वहिनींनी दार उघडलं आणि त्यांची गाडी सुरू झाली, "अहो, काय भुताटकी झालीय गावाला? भाजीवाली बोलेना, वरच्या आजोबांची सून बोलेना. मी जिन्यात उभी राहिले तर म्हणते कशी, घरी जाते, गृहपाठ राहिलाय. चाळिशीची बाई आहे हो ती." सर एवढ्या आनंदाने कधी चपला काढून बसले नव्हते. त्यांनी वहिनींना मुद्दाम तीन-चार प्रश्न विचारले, म्हणजे बोलणं लांबेल.

"तुला नाही का भीती वाटत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुमची? तुम्ही घोरता."

"फोटोची म्हणतोय मी."

"फोटोकडे बघतंय कोण?" वहिनी म्हणाल्या. "मी तुमच्याकडे बघते ना."

पण बोलायला माणूस लागतं तसा बोलायला विषयही लागतो, आणि वहिनींना विषय पुरवणारे सगळे मुके झाले होते. जिन्यातून बातमी येईना. हळूहळू जेवताना मधे मधे थांबे पडू लागले. वहिनी आठवून आठवून जुन्याच गोष्टी सांगायच्या आणि मग ताटाकडे बघत बसायच्या. सगळं गाव गप्प बसलं तरी चालेल, आमदारकी गेली चुलीत, पण हे एक तोंड बंद पडता कामा नये, एवढंच आता सरांना हवं होतं.

मैदानावरच्या सभेला माणूस मावत नव्हता. आणि एवढ्या गर्दीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. सगळ्यांची हाताची घडी. तोंडावर बोट ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. तरी पुढच्या रांगेतल्या काहींनी ठेवलंच होतं. विरोधी पक्षाचा उमेदवार शेवटच्या रांगेत उभा होता, आणि त्याचीही घडी होती. सरांनी एक विनोद सांगितला. शिक्षकांच्या खोलीत हमखास चालणारा. मैदान स्तब्ध. "अहो, हसा तरी," सर म्हणाले. तेव्हा सगळं मैदान हसलं, एका सुरात, आणि एकदम थांबलं. सभा संपली तरी कोणी हललं नाही. अंधारून आलं. शेवटी सर ध्वनिक्षेपकात अगदी हळू म्हणाले, "जा आता घरी." आणि रांगेने, एकमेकांना धक्का न लावता, सगळे गेले. सर व्यासपीठावर एकटेच उरले. त्यांना थंडी वाजत होती, पण थंडीचे दिवस नव्हते.

सकाळ होताच ते कचेरीत धावले. "फोटो बदलायचाय."

"मंजूर झाल्यावर बदलता येत नाही, सर," कारकून उभ्यानेच म्हणाला. त्याच्या टेबलावर चहाचा कप नव्हता, धूळही नव्हती.

"मग उमेदवारी मागे घेतो."

"मुदत केव्हाच संपली, सर." आणि तो हात पुढे करून, डोळे घट्ट मिटून उभा राहिला. तळहातावर काहीतरी पडेल अशी त्याची अपेक्षा असावी. सरांनी त्या हातात हात दिला. तो हात गारठलेला होता.

तिथून सर स्टुडिओत गेले. निदान भिंतीवर तरी हसरा फोटो लावावा. फोटोवाला पाठमोराच कॅमेरा धरून म्हणाला, "हसा." सर हसले. गालांना रग लागेपर्यंत हसले. फोटो बाहेर आला तो तसाच होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हनुवटी खाली. "मी हसत होतो ना?" सरांनी विचारलं. "आम्ही आवाज नाही केला, सर," फोटोवाला म्हणाला, आणि स्टुडिओत तर दुसरं कोणीच नव्हतं.

मग सरांनी स्वतःच पोस्टरं फाडायला घेतली. न्हाव्याच्या समोरच्या भिंतीपाशी उभे राहून त्यांनी पहिला कोपरा उचकटला. डोळ्याजवळ गेल्यावर हात जरा अडखळला. स्वतःचाच डोळा, पण असा जवळून त्यांनी कधी पाहिला नव्हता. अर्धं पोस्टर खाली आलं तेवढ्यात न्हावी बाहेर आला. त्याला वाटलं, वाकडं लागलंय म्हणून सर रागावलेत. त्याने निमूटपणे खळीचा डबा आणला, पोस्टर उचललं आणि पट्टी लावून सरळ चिकटवलं. ते पाहून भाजीवाली उठली, बसथांब्यावरची रांग आली. संध्याकाळपर्यंत गावातलं एकूण एक पोस्टर सरळ झालं होतं, त्याच्या सुरकुत्या निघाल्या होत्या, आणि जी दारं रिकामी होती त्यांच्यावरही एकेक लागलं होतं.

मतदानाच्या सकाळी वहिनी निघाल्या. सरांनी दार अडवलं. "तू नको जाऊस."

"वा. नवरा उभा आणि मी घरात बसू?"

"एक मत नाही पडलं तर काय बिघडतं?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत गं. तेच तर," सर म्हणाले. "हे बघ, यंत्रावर तो फोटो आहे. तिकडे बघू नकोस. उशीकडे बघ, बटण दाब आणि ये."

वहिनींनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना हे पाहिलं. "उशीकडेच बघते," त्या म्हणाल्या.

मतदान केंद्र सरांच्याच जुन्या शाळेत होतं, वर्गखोलीत. रांग जिन्यापर्यंत, आणि पाय वाजत नव्हते. खोलीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागे यंत्र. सर उमेदवार म्हणून दाराशी उभे होते. वहिनी आडोशामागे गेल्या. त्यांचे पाय तेवढे खालून दिसत होते. इतरांचं बटण दाबल्याचा आवाज लगेच यायचा. वहिनींचा येईना.

सरांना त्या क्षणी समजलं, की ही नजर वहिनींनी आजवर कधी एकटी पाहिलीच नव्हती. तिच्यामागे कायम घोरणारा, मोजे हरवणारा, अंधारात वहिनींना पुढे घालून चालणारा माणूस असायचा. आडोशामागे तो माणूस नव्हता. तिथे नुसती नजर होती आणि वहिनी होत्या. "अगं," त्यांनी हाक मारली, पण मतदान अधिकारी एवढ्या केविलवाण्या चेहऱ्याने उभा राहिला की सर गप्प झाले. आडोशाखालच्या वहिनींच्या टाचा जुळल्या. मग बटणाचा आवाज आला, लांबलचक. वहिनी बाहेर आल्या. त्यांनी हाताची घडी घातली होती. सरांच्या पुढून त्या खाली बघत, उजव्या बाजूने, हळू चालत गेल्या.

सर निवडून आले. बाकीच्यांना मतं पडलीच नाहीत. त्यांची स्वतःचीही नाहीत. गुलाल नाही, ढोल नाही, फटाका नाही. विमावाल्यांनी हार घातला तो टाचा उंचावून, डोळे खाली ठेवून, आणि "अभिनंदन" हा शब्द त्यांनी ओठांनीच उच्चारला.

सर घरी आले तेव्हा टेबलावर जेवण मांडलेलं होतं. ताटं सरळ रेषेत होती. वहिनी आपल्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

"आलो गं," सर म्हणाले. "काय बातमी?"

वहिनींनी सरांच्या ताटाशेजारचं भांडं ओळीत सरकवलं.

"बोल ना काहीतरी. कोणाचं काय चाललंय, काहीही. मी ऐकतो. मला ते..." आणि इतक्या वर्षांत न सांगितलेलं सरांनी सांगितलं. "मला ते ऐकल्याशिवाय जेवण जात नाही गं. कधीच गेलेलं नाही."

वहिनींनी भीत भीत मान वर केली. "काय बोलू, सर?" त्यांनी विचारलं.

सरांचे डोळे भरून आले. मान आपोआप खाली गेली. ओल्या नाकावरून चष्मा घसरला आणि शेंड्यावर येऊन थांबला, आणि काचांच्या वरून, पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी, ते आपल्या बायकोकडे बघत राहिले. ती ताठ झाली. तिने टाचा जुळवल्या. तिला जवळ घ्यावं, डोळ्यात काहीतरी गेलंय गं असं सांगावं, असं सरांच्या मनात होतं. पण उभं आयुष्य ज्या घशातून एकच आवाज निघाला, त्यातून दुसरा कुठून निघणार?

"बसा," सर म्हणाले.

वहिनी बसल्या. आणि वरच्या मजल्यावर, शेजारच्या घरात, खाली विमावाल्यांकडे, रस्त्यापलीकडच्या इमारतींत, लांबवर, जिथपर्यंत कान पोचत होता तिथपर्यंत, एकामागून एक खुर्च्या सरकल्या आणि सगळे बसले.